ओसाकाहून सुरी मागवते आहे: कोणती घ्यावी, कशी सांभाळावी?

पूर्वा_इंदिरानगर

नमस्कार मंडळी. माझा आतेभाऊ ओसाकाला नोकरीला आहे आणि दिवाळीला नाशिकला येतोय. काय आणू म्हणून विचारत होता, मी हाताने घडवलेली कार्बन स्टीलची सुरी सांगितली. तेव्हापासून तो रोज फोटो पाठवतोय आणि माझं काही ठरत नाहीये.

माझं घरगुती डब्यांचं काम आहे. रोजचा सात-आठ किलो कांदा, शिवाय टोमॅटो, कोबी, फ्लॉवर, कोथिंबिरीच्या जुड्या. मी ओट्याशी उभी राहून सुरीने चिरते, मदतीला येणाऱ्या मावशी खाली बसून विळीवर. आत्ताची स्टेनलेस सुरी भांडी बाजारातली. सकाळी धार लावली तरी दुपारपर्यंत टोमॅटोची साल कापली न जाता नुसती दाबली जाते आणि मनगट भरून येतं.

कार्बन स्टील गंजतं हे माहीत आहे. आपल्याकडे कैरी, चिंच, लिंबू, टोमॅटो हे रोजचंच. त्यात श्रावणात आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीसुद्धा ओल धरतात. अशा घरात ही सुरी टिकेल का? आकार कोणता, लांबी किती? धार कोण लावणार? बजेट साधारण पंधरा हजार रुपये, म्हणजे माझ्या दृष्टीने मोठी खरेदी आहे. वापरणाऱ्यांनी सविस्तर लिहा.

शमिका

आतेभाऊ अजून दोन सुऱ्या आणू शकेल का? :)

धाग्यावर लक्ष ठेवून आहे.

खवय्या_निफाड

स्पष्ट लिहितो, राग मानू नका. पंधरा हजार एका सुरीला? गोदाघाटावर बुधवारच्या बाजारात लोहार बसतात. ट्रकच्या कमानपाट्याचं पोलाद घेऊन ते सुरा घडवून देतात, पाणी पाजून, धार लावून. आमच्या मळ्यात कांद्याची पात कापायचे विळे तसेच केलेले आहेत आणि वर्षानुवर्षं चालतात. तेही कार्बन स्टीलच आहे आणि हाताने घडवलेलंच आहे.

रात्रपाळी_शेफ

खवय्या, तुमच्या लोहाराबद्दल मला आदरच आहे, पण काम वेगळं आहे. कमानपाट्यात कार्बन साधारण 0.6 टक्के असतो. ते पोलाद चिवट असतं, दगडावर आपटलं तरी तुटत नाही, म्हणून विळ्या-कोयत्याला उत्तम. जपानी सुरीच्या पोलादात कार्बन 1 टक्क्याच्या वर असतो. ते जास्त कडक होतं, म्हणून धार फार बारीक काढता येते आणि ती टिकते. आपटलं मात्र की खांडे पडतात. पात काढायला एक, पात बारीक चिरायला दुसरं.

पूर्वा, मी गंगापूर रोडला एका हॉटेलच्या किचनमध्ये आहे आणि माझी स्वतःची कार्बनची सुरी रोज वापरतो.

आकार: ग्युतो म्हणजे आपण शेफची सुरी म्हणतो ती, टोकाकडे निमुळती, पोटाला हलका बाक. 210 मिमी आणि 240 मिमी या लांबी सगळीकडे मिळतात. सांतोकू आखूड, 165 ते 180 मिमी, पोट सपाट. नाकिरी आयताकृती, फक्त भाजीसाठी, साधारण 165 मिमी. घरच्या ओट्यावर 240 अडचणीची होते, एका बाजूला शेगडी आणि दुसरीकडे मिक्सर असतो. सात-आठ किलो कांद्याला 165 अपुरी पडते. तुम्हाला 210 ची ग्युतो.

देबा, यानागिबा, उसुबा यांचे फोटो आले तर पुढे जा. त्यांना एकाच बाजूने धार असते. देबा माशाला, यानागिबा कच्च्या माशाचे काप काढायला. कांदा चिरताना तसली सुरी एका बाजूला ओढत जाते.

पोलाद: हाताने घडवलेल्या सुऱ्यांवर बहुधा शिरोगामी किंवा आओगामी लिहिलेलं दिसेल. दोन्ही शिमाने प्रांतातल्या यासुगीची. कारखान्यात ज्या रंगाच्या कागदात गुंडाळून देत, त्यावरून पांढरं आणि निळं. पांढरं म्हणजे जवळजवळ निव्वळ लोह आणि कार्बन. दगडावर फार लवकर धार घेतं. निळ्यात थोडं क्रोमियम आणि टंगस्टन घातलेलं असतं, धार जास्त काळ टिकते, दगडावर मात्र जरा जास्त वेळ घासावं लागतं. निळं म्हणजे स्टेनलेस असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. त्यात क्रोमियम अर्ध्या टक्क्याच्या आत असतं आणि स्टेनलेस म्हणवायला निदान 10.5 टक्के लागतं.

शमिका

मग स्टेनलेसच का घेऊ नये? जपानी सुऱ्या व्हीजी 10 या स्टेनलेस पोलादातही मिळतात. माझ्याकडे आहे, पुसायची कटकट नाही, धारही बरीच टिकते. डब्यांच्या घाईत सुरी पुसत बसायला कोणाला वेळ आहे?

सुमतीताई_पंचवटी

मुलींनो, कार्बन स्टीलची एवढी धास्ती का? आपल्या घरची जुनी विळी काय होती? लोखंडीच. माझ्या सासूबाईंची मोरविळी पंचवटीतल्या दमट माजघरात आयुष्यभर होती. चिरून झालं की लगेच धुवायची, कोरड्या फडक्याने पुसायची, पावसाळ्यात पात्याला खोबरेल तेलाचं बोट फिरवायचं. एवढ्यावर ती विळी माझ्या सुनेपर्यंत आली आहे. पातं काळं आहे, पण गंजाचा लाल ठिपका नाही. मधल्या काळात स्टेनलेस आलं आणि सुरी सिंकमध्ये टाकून द्यायची सवय लागली, एवढंच झालंय.

कच्ची केळी आणि केळफूल मात्र लोखंडी विळीवर चिरलं की काळं पडतं. त्यासाठी हाताला तेल आणि चिरलेलं लगेच ताकाच्या पाण्यात, हे आधीपासूनच करतो आपण.

अनुजा

सुमतीताई +१. आमच्याकडेही विळी पुसून ठेवायची जबाबदारी ठरलेली असायची.

टूलरूम_सातपूर

वाचतो आहे, आता राहवत नाही म्हणून लिहितो. सातपूर एमआयडीसीत टूलरूममध्ये उमेदवारीपासून निवृत्तीपर्यंत होतो, त्यामुळे पोलाद आणि धार हा विषय रोजचा.

पहिला मुद्दा कडकपणाचा. आम्ही तो रॉकवेल सी मोजपट्टीवर मोजतो. हिऱ्याचा शंकू दाबून किती खोल गेला ते बघतात. बऱ्याचशा जर्मन सुऱ्या 56 ते 58 च्या आसपास असतात. चांगली जपानी कार्बनची 60 ते 64. पाच-सहा आकड्यांचा फरक कमी वाटतो, हातात घेतला की कळतो. मऊ पोलादाची धार पातळ केली तर ती फळीवर आपटून वाकते. पूर्वाताईंची सुरी दुपारी बोथट होते म्हणजे नेमकं हेच होतं, झिजण्याआधी धार आडवी पडते. कडक पोलादाची धार वाकत नाही, म्हणून ती प्रत्येक बाजूला 10 ते 15 अंशांच्या कोनावर काढता येते.

पण कडक म्हणजे ठिसूळ. पाणी पाजलेलं पोलाद आधी काचेसारखं असतं. मग ते साधारण 180 ते 200 अंशांवर पुन्हा तापवून त्याचा ठिसूळपणा कमी करतात. या नरमाईनंतर जो कडकपणा उरतो तो त्या लोहाराच्या हातचा. आता दुसरा मुद्दा, आणि हा नीट वाचा. सायकलवर चाक फिरवत "सुरी-कातरीला धार" म्हणत येणाऱ्याकडे ही सुरी कधीही देऊ नका. माणूस कष्टाळू असतो, चूक त्याची नाही. कोरड्या एमरी चाकावर पातळ कडेचं तापमान क्षणात 300 अंशांपर्यंत जातं. कडेला निळी झाक दिसली की तिथला कडकपणा गेला. तो भाग दगडावर पूर्ण घासून काढेपर्यंत धार टिकणार नाही.

ज्यात सुरी ओढतात ती दोन चाकांची प्लास्टिकची डबीही नको. खाचा असलेली लोखंडी सळईही नको, कडक धारेला तिने बारीक खांडे पडतात.

डावखुरा

एक मुद्दा सगळे विसरतात. डावखुऱ्यांनी मूठ बघून घ्यावी. जपानी लाकडी मुठी बऱ्याचदा इंग्रजी डी आकाराच्या असतात आणि तो फुगवटा उजव्या हातासाठी असतो. अष्टकोनी किंवा लंबगोल मूठ दोन्ही हातांना चालते. एका बाजूने धार असलेली सुरी तर डावखुऱ्याला वेगळीच घडवून घ्यावी लागते आणि महाग पडते.

पूर्वा, तुम्ही उजव्या हाताच्या असाल तर हा प्रतिसाद इतरांसाठी समजा.

पूर्वा_इंदिरानगर

मी उजवी, पण मुलगी डावखुरी आहे. अष्टकोनीच सांगते. धन्यवाद!

काका, मग धार लावायची कशी? मला दगडावर लावता येत नाही. शिकायची तयारी आहे.

मी_सिन्नरची

मलाही हेच विचारायचं होतं. आमच्याकडे कुरुंदाचा दगड आहे, विळ्याला लावायचा. तो चालेल का?

टूलरूम_सातपूर

कुरुंदाचा तो दगड फार खरखरीत असतो. विळ्याला बरा, या धारेला नको. पाण्याचे दगड वेगळे मिळतात, त्यावर आकडा असतो, आकडा जितका मोठा तितका दगड बारीक. 1000 चा एक दगड घरासाठी पुरेसा. हौस वाटली तर पुढे 3000 किंवा 6000 चा. 400 चा फक्त खांडे पडल्यावर.

पद्धत सांगतो. काही दगड बुडबुडे यायचे थांबेपर्यंत पाण्यात ठेवायचे असतात, काहींवर नुसतं पाणी शिंपडायचं असतं. खोक्यावर लिहिलेलं असतं, ते पाळा. दगडाखाली ओलं फडकं म्हणजे तो सरकत नाही. सुरी दगडावर आडवी ठेवा आणि पाठ थोडी उचला. किती? 210 च्या सुरीचं पातं मुठीजवळ साधारण 47 मिमी रुंद असतं. पाठ दगडापासून 12 मिमी उचलली की कोन 15 अंश होतो. ही उंची एकदा पट्टीने मोजून डोळ्यांत बसवा. मग हात तोच कोन धरून पुढे-मागे. जोर फक्त बोटांच्या टोकांनी, धारेच्या वर.

एका बाजूने घासत राहिलात की दुसऱ्या बाजूला कडेवर बारीक खरखर बोटाला लागते. बोट धारेच्या दिशेने नाही, पाठीकडून कडेकडे आडवं सरकवून बघायचं. ती खरखर टाचेपासून (धारेच्या मुठीकडच्या टोकापासून) पुढच्या टोकापर्यंत सलग लागली तरच बाजू बदला. ही पायरी बहुतेक जण घाईत सोडतात आणि मग धार लागत नाही म्हणतात. दुसरी बाजू झाली की जोर कमी करत आलटून पालटून हलके हात मारायचे, खरखर निघून जाते. दगडावर जो राखाडी चिखल येतो तो धुवू नका, तोच काम करतो.

दगड मध्ये खोलगट होतो. पेन्सिलीने चौकटी आखा, सपाट काचेवर पाण्याचा पॉलिशपेपर ठेवून त्यावर घासा, रेघा सगळीकडून गेल्या की दगड सपाट.

इगतपुरीकर

काका, तुमचे प्रतिसाद वाचनखुणेत साठवले.

पावसाळ्याबद्दल माझ्याकडून. इगतपुरीत जूनपासून कपडे वाळत नाहीत, तिथे माझी शिरोगामीची सुरी आहे. ती लाकडी म्यानात ठेवत नाही. म्यान दिसायला देखणं, पण लाकूड दमट हवेत ओल धरतं आणि ती ओल पात्याला लागून राहते. भिंतीवर लोहचुंबकाची लाकडी पट्टी लावली आहे, गॅसपासून आणि कुकरच्या वाफेपासून दूर. रोज वापरात असेल तर तेल लागत नाही. चार दिवस गावाला जायचं असेल तरच तेल.

तेलाबाबत सुमतीताईंचं बरोबर आहे, खोबरेल चालतं. शेंगदाण्याचं किंवा सूर्यफुलाचं मात्र लावू नका. काही दिवसांत ते चिकट होतं, मग पिवळट थर निघता निघत नाही. जपानमध्ये कॅमेलियाच्या बियांचं तेल लावतात. आपल्याकडे केमिस्टकडे साधं लिक्विड पॅराफिन मिळतं, वास नाही, चिकटत नाही, खराब होत नाही. दोन थेंब पुरतात.

शमिका

आणि लाल ठिपका आलाच तर?

इगतपुरीकर

खाण्याचा सोडा आणि थोडं पाणी यांचा लगदा, बुचाच्या तुकड्याने चोळायचा. ताजा गंज लगेच जातो. राहू दिला तर खोल खड्डा पडतो आणि तो धारेपाशी असेल तर त्रास.

काळा-निळा थर मात्र काढायचा नाही. नव्याने घेणारे घाबरून तारेच्या घासणीने सुरी चकचकीत करतात, तसं करू नका. तो थर लोखंडाचाच, पण घट्ट बसणारा. त्याने लाल गंज अडतो. मांस कापलं की त्यात निळी-जांभळी छटा येते, कांदा-टोमॅटोने करडी.

खवय्या_निफाड

अवांतर: कांदा काळा पडतो का? आमच्या लासलगावच्या कांद्यावर सुरीने डाग पाडले तर मी जपानविरुद्ध आंदोलन करीन. (हलकेच घ्या.)

रात्रपाळी_शेफ

पडतो, सुरुवातीला पडतो! नवी कोरी सुरी असेल, विशेषतः बाहेरचा थर मऊ लोखंडाचा असेल, तर कांद्यातल्या गंधकाच्या संयुगांशी लोखंड लागतं. कडा तपकिरी होतात आणि एक उग्र वास येतो. लाल कांद्यावर जास्त दिसतं. थर धरला की हे कमी होत जातं. म्हणून नवी सुरी आधी मांस, बटाटा, काकडी यांवर वापरावी आणि कांद्याचा ढीग नंतर घ्यावा. शाकाहारी घर असेल तर बटाट्यावर भर द्या, फक्त मध्ये मध्ये पुसत राहा.

कैरीचं वेगळं. तिच्यातलं आम्ल आणि टॅनिन दोन्ही लोखंडाला लागतात. पूर्वी हिरडा आणि हिराकस घेऊन काळी शाई करत, तीच क्रिया. कैरीचा डाग सुरीचं नुकसान करत नाही, पण फोड काळी दिसते. आमच्या किचनमध्ये कैरी, अननस, लिंबू यांना छोटी स्टेनलेस सुरी ठेवली आहे. पूर्वाताई, तुम्हीही हेच करा. तुमची जुनी सुरी फेकू नका, ती आंबटासाठी ठेवा.

सुमतीताई_पंचवटी

लोणच्याच्या कैरीला कोणतीच सुरी नको. आतली कोय कडक झालेली असते. मंडईत जूनमध्ये मोठा अडकित्ता घेऊन बसतात, त्यांच्याकडून फोडी करून आणायच्या.

टूलरूम_सातपूर

ताईंनी फार महत्त्वाचं सांगितलं. त्यात भर घालतो. नारळ, हाडं, फ्रीजरमधून काढलेलं काहीही, लाल भोपळ्याची पाठ, सुकं खोबरं, गुळाची ढेप, यातलं काहीही या सुरीने नाही. हाडाला खाटकाचा सत्तूर असतो, तो जाड आणि मऊ असतो म्हणून टिकतो. चिरलेला कांदा पातेल्यात लोटताना धारेने फळी खरवडू नका, सुरी उलटी करून पाठीने लोटा. तिरकं पिळलं की धार तुटते.

फळी लाकडाची किंवा प्लास्टिकची. काच, ग्रॅनाइटचा ओटा आणि हल्ली निघालेली स्टीलची फळी, तिन्ही वर्ज्य.

मी_सिन्नरची

पोलपाट उलटा करून चालेल का?

टूलरूम_सातपूर

लाकडी असेल तर चालेल. पाय असतील तर ते वर येऊन अडचण करतील, म्हणून सपाट फळीच बरी.

अनुजा

आता मला एक वेगळंच विचारायचं आहे. शमिकाच्या पहिल्या प्रश्नाला नीट उत्तर मिळालं नाही. पूर्वाचं स्वयंपाकघर घर नाही, कामाची जागा आहे. सुरी पूर्वाच्या हातून मावशींच्या हातात जाणार, मावशींकडून डावखुऱ्या मुलीकडे. पूर्वा पुसेल. बाकीचे? माझ्या मोठ्या जावेकडे अशीच एक सुरी होती. कामाला नव्याने आलेल्या मुलीने ती चवळीच्या शेंगांबरोबर मिठाच्या पाण्यात ठेवली. संध्याकाळपर्यंत पात्यावर लाल बुरशीसारखा थर. त्या मुलीला कोणी काही सांगितलंच नव्हतं. पोलाद, आकार सगळं ठीक, पण घरात ती सुरी कोणकोण हातात घेणार हे आधी ठरवावं असं मला वाटतं.

शमिका

अगदी हेच म्हणत होते मी.

रात्रपाळी_शेफ

अनुजा, पूर्ण मान्य. माझ्या सुरीला किचनमध्ये दुसरं कोणी हात लावत नाही, म्हणून मी कार्बनचं निवांत सांगू शकतो. तिथेही पहिल्या दिवशी बजावून सांगावं लागलं.

मधला मार्ग आहे. बहुतेक हाताच्या सुऱ्या तीन थरांच्या असतात, मध्ये कडक पोलाद आणि दोन्ही बाजूंना मऊ थर. तो बाहेरचा थर लोखंडाऐवजी स्टेनलेसचा असलेल्या सुऱ्याही घडवतात. मग गंजण्यासारखा भाग फक्त धारेलगतची पट्टी. कांद्याचा वासही जवळजवळ नाही. धार मात्र पूर्ण कार्बनची. पुसायला विसरलं तर नुकसान होतं, पण सगळी सुरी लाल होत नाही. डब्यांच्या कामाला मी आता हेच सुचवीन, आओगामी 2 (2 हा त्या निळ्या पोलादाचा एक प्रकार) आणि बाहेरून स्टेनलेस.

पूर्वा_इंदिरानगर

अनुजा, तू नेमकं दुखतं तिथे बोट ठेवलंस. मावशींशी आज बोलले. त्या म्हणाल्या, माझी विळी बरी आहे, तुझ्या सुरीला मी हात लावणार नाही, पण धुऊन पुसून ठेवीन. विळी आम्ही रोज पुसतोच, त्यात काय नवीन. मुलीला शिकवीन.

आणि आतेभाऊ या आठवड्याच्या सुट्टीत दुकानात जातोय. टोकियोत काप्पाबाशी म्हणून गल्ली आहे असं कोणीतरी म्हणालं त्याला.

इगतपुरीकर

काप्पाबाशी टोकियोत आहे, ओसाकाहून तिथे कशाला जायचं? साकाई ओसाकाला लागूनच आहे, नांकाई रेल्वेने जवळ. तिथे शतकानुशतकं सुऱ्या घडवतात. पोर्तुगीजांबरोबर तंबाखू आला, ती कापायच्या सुऱ्या साकाईत बनू लागल्या आणि एदो काळात (सतराव्या ते एकोणिसाव्या शतकात) शोगुनाच्या, म्हणजे तिथल्या लष्करी शासकाच्या, शिक्क्यानिशी विकल्या जात. अजूनही तिथे एक जण घडवतो, दुसरा धार काढतो, तिसरा मूठ बसवतो. एकेक जण आयुष्यभर तेवढंच काम करतो. साकाईला जमलं नाही तर ओसाकातच नाम्बाजवळ दोगुयासुजी आहे, सगळी स्वयंपाकाच्या सामानाची दुकानं.

खवय्या_निफाड

हे माहीत नव्हतं. एक घडवतो, एक धार लावतो, हे आवडलं. आमच्याकडे लोहार एकटाच भाता, ऐरण आणि धार सगळं बघतो, बायको घण मारते.

अवांतर: तिकडे भात्याचीही पूजा असते म्हणे?

इगतपुरीकर

हो, 8 नोव्हेंबरला. लोहार त्या दिवशी भट्टी बंद ठेवून भात्याची पूजा करतात. आपल्या खंडेनवमीसारखंच.

टूलरूम_सातपूर

खंडेनवमीवरून आठवलं. सातपूर-अंबडला त्या दिवशी सगळी यंत्रं पुसून, फुलं वाहून पूजा होते. आम्ही मायक्रोमीटर आणि कटर पाटावर मांडायचो. पूर्वाताई, सुरीची पूजा जरूर करा, पण ओलं हळदी-कुंकू पात्यावर रात्रभर राहू देऊ नका. मुठीला लावा, किंवा नमस्कार झाला की पुसून घ्या.

भावाला दुकानात काय बघायचं तेही सांगून ठेवा. सुरी डोळ्यासमोर धरून धारेवरून टोकाकडे बघायचं, रेषा सरळ हवी. मग टाचेकडून बघायचं, पातं पाठीपासून धारेपर्यंत एकसारखं निमुळतं होत गेलेलं हवं, धारेच्या वरचा भाग जाड राहिलेला नको. सुरी कितीही धारदार असली तरी तिथे जाड असेल तर गाजर कापताना फाटतं. मधल्या पोलादाची रेषा दोन्ही बाजूंना साधारण सारख्या उंचीवर हवी. पाठ आणि टाचेची कड बोटाला बोचत असेल तर रोज कांदा चिरणाऱ्याच्या तर्जनीला घट्टा पडतो. मूठ आणि पातं यांच्यात फट नको, पाणी तिथून आत जातं.

डावखुरा

आणि पोलादाचं नाव न सांगता नुसतं नक्षीदार पातं दाखवलं तर घेऊ नये. ऑनलाइन स्वस्तात मिळणाऱ्या कित्येक सुऱ्यांवर ती लाटांची नक्षी वरून कोरलेली असते.

पूर्वा_इंदिरानगर

भाऊ साकाईला जाऊन आला! दोन बाजूला ठेवायला सांगितल्या आहेत, उद्यापर्यंत कळवायचं आहे.

पहिली: 210 ग्युतो, आओगामी 2, बाहेरून स्टेनलेस, अष्टकोनी मूठ, 24,000 येन.
दुसरी: 210 ग्युतो, शिरोगामी 2, बाहेरून लोखंड, भट्टीतला काळा थर तसाच ठेवलेला, मूठ डी आकाराची, 19,000 येन. ही दिसायला इतकी सुंदर आहे की फोटो बघूनच जीव अडकलाय.

रात्रपाळी_शेफ

पहिली. दुसरी खरंच सुंदर असणार, आणि दगडावर तिला धारही लवकर येईल. पण तो काळा थर धारेपर्यंत येत नाही. त्याच्या खालची लोखंडाची पट्टी उघडीच राहते, आणि रोज सात-आठ किलो कांदा आहे. शिवाय मुलीच्या हाताला डी मूठ बसणार नाही.

शमिका

पहिली. 5,000 येन वाचवायच्या नादात पडू नकोस.

सुमतीताई_पंचवटी

जी मुलीच्या हाताला बसेल ती घे. आणि भाऊ भेट म्हणून देणार असेल तर त्याच्या हातावर एक रुपया ठेव. धारेची वस्तू फुकट घेऊ नये असं आमच्याकडे म्हणतात.

पूर्वा_इंदिरानगर

पहिली सांगितली. रुपया तयार आहे, सुमतीताई.

काका, 1000 चा दगड इथे घेऊ की त्यालाच आणायला सांगू?

टूलरूम_सातपूर

त्यालाच सांगा, त्याच दुकानातून. दुकानदाराला विचारून घ्यायचं की हा दगड भिजवायचा की नुसता शिंपडायचा. सुरी आणि दगड दोन्ही चेक-इनच्या बॅगेत, केबिनमध्ये सुरी नेऊ देत नाहीत. धारेला पुठ्ठ्याची घडी करून घट्ट चिकटपट्टी लावायला सांगा, म्हणजे बॅग तपासणाऱ्याच्या हाताला लागणार नाही.

सुरी आली की एखाद्या रविवारी सातपूरला या. माझ्याकडे जुन्या सुऱ्या पडल्या आहेत, पहिला हात त्यांच्यावर बसवू. मुलीलाही आणा, डाव्या हाताने दगडावर घासायची पद्धत वेगळी दाखवावी लागेल.